आयतालेख

आयतालेख : एखाद्या राशीच्या अनेक निरीक्षणांची मूल्ये लगतच्या वर्गांत विभागून, प्रत्येक वर्गात पडणाऱ्या निरीक्षणांचे प्रमाण एकमेकांस लागून असलेल्या आयतांच्या क्षेत्रफळांनी दर्शविणारी आकृती. इंग्रजीत तिला ‘हिस्टोग्रॅम’ म्हणतात. संख्यांच्या लांबलचक यादीवरून सहसा ध्यानात न येणाऱ्या गोष्टी आयतालेखावरून एका दृष्टिक्षेपात कळतात. मूल्ये कोठे दाटलेली आहेत व कोठे विरळ आहेत, वितरण सममित आहे की एका बाजूस झुकलेले आहे, त्यास एक शिखर आहे की दोन, इतरांपासून फटकून असणारी मूल्ये आहेत काय, हे त्यावरून समजते. पूर्वी हा आलेख आलेखकागदावर हाताने काढीत असत. आता तो बहुधा संगणकावर, तयार आज्ञावली-संग्रहांच्या म्हणजे लायब्ररींच्या साहाय्याने काढला जातो व त्यास क्षणभरही लागत नाही. तथापि वर्ग किती व कोठे पाडावयाचे, हा मूळ प्रश्न त्यामुळे मिटलेला नाही. काढणाऱ्याने तो ठरविला नाही, तर लायब्ररी आपल्या ठराविक नियमानुसार तो ठरवून टाकते आणि आकृतीचे स्वरूप त्या नियमावर अवलंबून राहते.

स्वरूप व संज्ञा : आडव्या अक्षावर राशीची मूल्ये घेऊन त्यांचे वर्ग पाडतात. वर्गाच्या दोन टोकांच्या मूल्यांस वर्गमर्यादा, त्यांतील अंतरास वर्गांतर आणि वर्गात पडणाऱ्या निरीक्षणांच्या संख्येस वारंवारता म्हणतात. सर्व वर्गांतरे समान असतील, तर आयतांची उंची वारंवारतेच्या प्रमाणात घेतली की क्षेत्रफळेही त्याच प्रमाणात येतात. स्तंभालेख व आयतालेख यांत दिसण्यात साम्य असले, तरी भेद महत्त्वाचा आहे. स्तंभालेखातील स्तंभ निरनिराळ्या वस्तू किंवा गट दाखवितात. त्यांमध्ये मोकळी जागा सोडतात आणि त्यांचा क्रम बदलला तरी अर्थ बदलत नाही. आयतालेखातील आडवा अक्ष ही संततपणे मोजली जाणारी राशी असते. त्यामुळे आयतांचा क्रम बदलता येत नाही आणि दोन आयतांत दिसणारी रिकामी जागा म्हणजे त्या मूल्यांची निरीक्षणे नाहीत, असाच अर्थ होतो. याच कारणाने १०–१९, २०–२९ असे समावेशक वर्ग दिलेले असल्यास ते आधी ९·५–१९·५, १९·५–२९·५ असे सलग करून घ्यावे लागतात. महाराष्ट्रातील इयत्ता दहावीच्या गणितात ही रीत शिकविली जाते.

इतिहास : स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर (१७५९–१८२३) यांनी १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्कॉटलंडच्या निरनिराळ्या देशांशी चालणाऱ्या आयात-निर्यातीचा स्तंभालेख दिला होता. फ्रान्समधील आंद्रे-मिशेल गेरी (१८०२–६६) यांनी १८३३ मध्ये गुन्हेगारांच्या वयोगटांनुसार स्तंभ काढून वितरण दाखविले. ‘हिस्टोग्रॅम’ ही संज्ञा मात्र ब्रिटिश सांख्यिकीविज्ञ कार्ल पीअर्सन (१८५७–१९३६) यांची आहे. लंडन येथील ग्रेशॅम कॉलेजात १८९१ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी ती वापरली आणि १८९५ मध्ये विषम वितरणांवरील त्यांच्या प्रसिद्ध निबंधात ती आली. पीअर्सन यांना आयतांच्या माथ्यांवरून जाणारा गणितीय वक्र शोधावयाचा होता. आयतालेख ही अज्ञात वितरणाची स्थूल रूपरेषा होय, ही त्यामागील कल्पना आजही मूलभूत मानली जाते.

रचनेचे उदाहरण : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ‘ओल्ड फेथफुल’ नावाचा विख्यात गायझर आहे. त्याच्या २७२ उद्रेकांची नोंद असलेली आधारसामग्री ‘आर’ या संगणकीय भाषेबरोबर उपलब्ध करून दिलेली असून सांख्यिकीच्या अध्यापनात ती सर्रास वापरली जाते. तीत प्रत्येक उद्रेकाचा कालावधी आणि त्यानंतर पुढील उद्रेकापर्यंतची प्रतीक्षा, अशा दोन श्रेणी आहेत. कालावधीचे लघुतम मूल्य १·६ मिनिटे व महत्तम मूल्य ५·१ मिनिटे आहे. अर्ध्या मिनिटाचे वर्गांतर घेऊन आणि खालची मर्यादा वर्गात धरून, वरची वगळून वारंवारता मोजल्या असता पुढील कोष्टक मिळते :

१·५–२·० मिनिटे : ५१
२·०–२·५ मिनिटे : ४१
२·५–३·० मिनिटे : ५
३·०–३·५ मिनिटे : ७
३·५–४·० मिनिटे : ३०
४·०–४·५ मिनिटे : ७३
४·५–५·० मिनिटे : ६१
५·०–५·५ मिनिटे : ४
एकूण : २७२

या कोष्टकावरून काढलेल्या आयतालेखात दोन शिखरे व त्यांमध्ये खोल दरी स्पष्ट दिसते. उद्रेक दोन प्रकारचे आहेत : ९७ उद्रेक तीन मिनिटांपेक्षा कमी काळ टिकले व १७५ त्याहून अधिक काळ. सर्व कालावधींची सरासरी ३·४९ मिनिटे येते. ती ज्या वर्गात पडते त्यात २७२ पैकी केवळ ७ उद्रेक आहेत. म्हणजे ज्या संख्येने संपूर्ण श्रेणीचे प्रतिनिधित्व करावयाचे, तेवढा काळ टिकणारा उद्रेक जवळजवळ होतच नाही. प्रतीक्षेच्या बाबतीतही असेच घडते. प्रतीक्षेची सरासरी सुमारे ७१ मिनिटे असली, तरी अल्पकालीन उद्रेकानंतर ती सरासरीने सुमारे ५५ मिनिटे आणि दीर्घकालीन उद्रेकानंतर सुमारे ८० मिनिटे आढळते. केवळ ७१ या आकड्यावर विसंबणारा प्रवासी एक तर उद्रेक होऊन गेल्यावर पोहोचेल किंवा ताटकळत बसेल. उद्रेक किती वेळ टिकला हे पाहून पुढील उद्रेकाची वेळ वर्तविण्याची पद्धत या भेदावरच आधारलेली आहे.

वर्गांतराची निवड : वरील आधारसामग्रीचेच वर्ग एकेका मिनिटाचे पाडले, तर १ ते २, २ ते ३, ३ ते ४, ४ ते ५ व ५ ते ६ या वर्गांच्या वारंवारता अनुक्रमे ५१, ४६, ३७, १३४ व ४ येतात. येथे दरी बुजून गेलेली आहे. डावीकडील आयत सौम्य उताराचे दिसतात आणि एकच उंच आयत नजरेत भरतो. वर्गांतर दोन मिनिटांचे घेऊन १ मिनिटापासून आरंभ केला, तर ९७, १७१ व ४ असे तीनच आयत मिळतात आणि वितरणास एकच शिखर असल्याचे भासते. तिन्ही आकृत्यांत निरीक्षणे तीच आहेत व गणनाही अचूक आहे. तरीही पहिल्या आकृतीवरून निघणारा निष्कर्ष तिसरीवरून निघणे शक्य नाही. उलटपक्षी वर्गांतर फारच लहान घेतल्यास प्रत्येक वर्गात एखाददुसरेच निरीक्षण पडते, आयतांची उंची यदृच्छया खालीवर होते आणि नसलेली शिखरे दिसू लागतात. वर्गांतर तेच ठेवून आरंभबिंदू बदलला तरीही आकृतीत फरक पडतो.

या निवडीस काही आधार असावा म्हणून अनेक सूत्रे सुचविण्यात आली आहेत. हर्बर्ट स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये द्विपद वितरणावरून असा नियम मांडला की, निरीक्षणांची संख्या न असल्यास वर्गांची संख्या १ + लॉग₂ न इतकी असावी. २७२ निरीक्षणांसाठी हे मूल्य ९·०९ येते, म्हणजे पुढील पूर्णांक घेऊन दहा वर्ग होतात. निरीक्षणांची संख्या फार मोठी असता या नियमाने वर्ग गरजेपेक्षा कमी पडतात, असे पुढे दिसून आले. डेव्हिड स्कॉट यांनी १९७९ मध्ये ३·४९ गुणिले प्रमाण विचलन भागिले न चे घनमूळ एवढे वर्गांतर सुचविले. डेव्हिड फ्रीडमन व पर्सी डायकोनिस यांनी १९८१ मध्ये चतुर्थकांमधील अंतराच्या दुपटीस न च्या घनमुळाने भागून येणारे वर्गांतर सुचविले. चतुर्थकांवर टोकाच्या थोड्या मूल्यांचा परिणाम होत नाही, हा या सूत्राचा गुण आहे. ओल्ड फेथफुलच्या श्रेणीस ही दोन सूत्रे लावल्यास वर्गांतर अनुक्रमे सुमारे ०·६२ व ०·७१ मिनिट येते, म्हणजे वरील अर्ध्या मिनिटापेक्षा मोठे. स्कॉट यांचे गुणक प्रसामान्य म्हणजे एकशिखरी वितरण गृहीत धरून काढलेले आहे. शिवाय प्रमाण विचलन व चतुर्थकांमधील अंतर ही दोन्ही मापे दोन शिखरे परस्परांपासून दूर असली की फुगतात आणि त्यांबरोबर वर्गांतरही वाढते. यास्तव सूत्रांनी मिळणारे मूल्य हे आरंभाचे मूल्य समजून त्याच्या दोन्ही बाजूंची दोन-तीन वर्गांतरे घेऊन पाहणे इष्ट ठरते.

असमान वर्ग व घनता : सर्व वर्गांतरे समान नसतील, तर उंची वारंवारतेइतकी घेणे चुकीचे ठरते. वरील कोष्टकातील ४·०–४·५ व ४·५–५·० हे दोन वर्ग एकत्र केल्यास वारंवारता १३४ होते. इतर वर्ग अर्ध्या मिनिटाचेच ठेवून या दुप्पट रुंद आयताची उंची १३४ घेतली, तर त्याचे क्षेत्रफळ वाजवीपेक्षा दुप्पट होईल. त्यासाठी उंची म्हणून घनता, म्हणजे वारंवारता भागिले वर्गांतर, घेतात. या हिशेबाने एकत्र केलेल्या वर्गाची घनता दर मिनिटास १३४ व पहिल्या वर्गाची ५१ ÷ ०·५ = १०२ येते. या मूल्यांस निरीक्षणांच्या एकूण संख्येनेही भागले, तर सर्व आयतांच्या क्षेत्रफळांची बेरीज १ होते. पहिल्या वर्गाची उंची मग ०·३७५ राहते. ही उंची संभाव्यता नसते, हे लक्षात ठेवणे जरूर आहे. वर्गांतरे पुरेशी लहान असतील तर घनता १ पेक्षा अधिकही येऊ शकते. संभाव्यता दाखविते ते क्षेत्रफळ होय.

संगणकीय लायब्ररी : आयतालेख काढण्यासाठी लायब्ररीस दोन कामे करावी लागतात. वर्गमर्यादा ठरवून वारंवारता मोजणे हे पहिले व आयत रेखाटणे हे दुसरे होय. पायथन भाषेत पहिले काम ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी उभारलेली नमपाय ही लायब्ररी करते (आवृत्ती १·०, २००६). रेखाटनाचे काम मॅटप्लॉटलिब करते. ती मज्जाजीवविज्ञानाचे अभ्यासक जॉन हंटर (१९६८–२०१२) यांनी तयार केली व २००३ मध्ये ती प्रथम प्रसृत झाली. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये आरंभिलेल्या पांडाज या लायब्ररीत एका स्तंभातील मूल्यांच्या क्रमवार संचास ‘सीरीज’ म्हणजे श्रेणी म्हणतात आणि श्रेणीवरून थेट आयतालेख काढण्याची सोय आहे. न्यूझीलंडमधील ऑक्लंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या आर भाषेत ही सोय मूळ भाषेतच अंतर्भूत आहे. मॅटप्लॉटलिब व आर या दोन्हींत संबंधित फलनाचे नाव ‘हिस्ट’ असे आहे.

वर्गांविषयी काहीच न सांगता या फलनांस श्रेणी दिली असता प्रत्येकाचा निर्णय वेगळा असतो. मॅटप्लॉटलिब व पांडाज लघुतम ते महत्तम मूल्यांमधील अंतराचे सरसकट दहा समान भाग करतात, मग निरीक्षणे पन्नास असोत की पाच लाख. ओल्ड फेथफुलच्या श्रेणीस त्यामुळे ०·३५ मिनिट म्हणजे २१ सेकंदांचे वर्गांतर आणि १·९५, २·३० अशा वाचण्यास अवघड वर्गमर्यादा मिळतात. आर भाषा स्टर्जेस यांचा नियम लावते, परंतु मर्यादा सुटसुटीत अंकांवर आणून ठेवते. या श्रेणीसाठी नियमाने दहा वर्ग येत असताना ती प्रत्यक्षात अर्ध्या मिनिटाचे आठ वर्ग पाडते. आर भाषेतीलच जीजीप्लॉट-२ ही लायब्ररी तीस वर्ग घेते आणि अधिक योग्य मूल्य निवडावे, अशी सूचनाही देते. हे आकडे सोयीसाठी ठरविलेले असून दिलेल्या श्रेणीच्या स्वरूपाशी त्यांचा संबंध नसतो. वर्गमर्यादांची यादी स्वतः पुरविण्याची सोय या सर्व लायब्ररींत आहे व तिचा उपयोग करणे श्रेयस्कर असते.

वर्गमर्यादेवरच पडणारे मूल्य कोणत्या वर्गात धरावयाचे, यातही एकवाक्यता नाही. नमपाय खालची मर्यादा वर्गात धरते व वरची पुढील वर्गास देते, केवळ शेवटच्या वर्गात दोन्ही मर्यादा धरल्या जातात. आर भाषा स्वतःहून वरची मर्यादा वर्गात धरते. त्यामुळे वर्गमर्यादा तंतोतंत त्याच ठेवूनही आर भाषेत वरील कोष्टकाऐवजी ५५, ३७, ५, ९, ३४, ७५, ५४ व ३ अशा वारंवारता मिळतात. बेरीज दोन्हीकडे २७२ च असते. उदा., नेमके २·० मिनिटे टिकलेले चार उद्रेक एका पद्धतीत दुसऱ्या वर्गात व दुसऱ्या पद्धतीत पहिल्या वर्गात मोजले जातात. मूल्ये पूर्णांकांत किंवा अर्ध्याअर्ध्या एककांत मोजलेली असतील, तेव्हा हा फरक बराच मोठा होऊ शकतो.

पूर्णांकी मूल्यांच्या श्रेणीत आणखी एक दोष उद्भवतो. फाशावरील १ ते ६ या मूल्यांची श्रेणी दहा समान वर्गांत विभागली असता वर्गांतर ०·५ येते. परिणामी १·५–२·०, २·५–३·०, ३·५–४·० व ४·५–५·० हे वर्ग रिकामे राहतात आणि ५ व ६ यांचे आयत मात्र एकमेकांस चिकटतात. ही पोकळी फाशाची नव्हे, वर्गविभागणीची असते. मर्यादा ०·५, १·५, २·५ अशा ६·५ पर्यंत घेतल्या की प्रत्येक पूर्णांक आपल्या वर्गाच्या मध्यभागी येतो व दोष नाहीसा होतो.

गाळल्या जाणाऱ्या मूल्यांकडेही लक्ष द्यावे लागते. गहाळ नोंदी पांडाज मुकाट्याने वगळते. वर्गमर्यादांच्या बाहेर पडणारी मूल्ये नमपाय व मॅटप्लॉटलिब मोजतच नाहीत आणि तशी सूचनाही देत नाहीत. आर भाषा मात्र पुरविलेल्या मर्यादांत सर्व मूल्ये सामावत नसल्यास काम थांबवून त्रुटी दाखविते. मॅटप्लॉटलिबचे फलन आकृतीबरोबर वारंवारता व वर्गमर्यादा यांच्या याद्याही परत देते. वर्ग आठ असतील तर मर्यादा नऊ असतात. या वारंवारतांची बेरीज निरीक्षणांच्या संख्येशी ताडून पाहिल्यास गळालेली मूल्ये लगेच उघडकीस येतात.

दोन श्रेणींची तुलना : दोन श्रेणींचे आयतालेख एकाच आकृतीत काढताना वर्गमर्यादा समान असणे आवश्यक आहे. हिस्ट फलनास दोन श्रेणी वेगवेगळ्या दिल्यास प्रत्येकीच्या लघुतम व महत्तम मूल्यांवरून स्वतंत्र वर्ग पडतात. त्यामुळे एकावर एक आलेल्या आयतांची रुंदीच भिन्न असते आणि उंचींची तुलना निरर्थक ठरते. श्रेणींतील निरीक्षणांच्या संख्येत मोठी तफावत असल्यास उभ्या अक्षावर वारंवारतेऐवजी घनता घ्यावी. आयत परस्परांस झाकत असल्यास ते अर्धपारदर्शक रंगात काढतात किंवा दोन आलेख समान मोजमापांनी एकाखाली एक मांडतात.

उपयोग व मर्यादा : जपानी गुणवत्ता-तज्ज्ञ काओरू इशिकावा (१९१५–८९) यांनी पुरस्कारिलेल्या गुणवत्ता-नियंत्रणाच्या सात मूलभूत साधनांत आयतालेखाचा समावेश आहे. कारखान्यातील सुट्या भागांची मापे विहित मर्यादांत बसतात की नाही, हे त्यावरून पाहतात. अंकीय छायाचित्रणात चित्रबिंदूंच्या तेजस्वितेचा ० ते २५५ या मूल्यांवरील आयतालेख पाहून चित्र अधिक उजळ किंवा काळवंडलेले आहे काय, हे ठरवितात. ज्यांचे निष्कर्ष सरासरी व प्रमाण विचलन यांवर बेतलेले असतात अशा सांख्यिकीय परीक्षांपूर्वी वितरणाचे स्वरूप तपासण्यासाठीही तो काढला जातो.

आयतालेखात मूळ मूल्ये नाहीशी होतात, केवळ वर्ग उरतात. निरीक्षणे थोडी असताना त्याऐवजी सर्व बिंदू दाखविणारी आकृती अधिक विश्वसनीय असते. पायऱ्यापायऱ्यांच्या आकृतीऐवजी सफाईदार वक्र देणारी घनता-अनुमानाची रीत मरी रोझनब्लाट यांनी १९५६ मध्ये व इमॅन्युएल पार्झन यांनी १९६२ मध्ये विकसित केली. परंतु तीतही वर्गांतराच्या जागी पट्ट्याची रुंदी निवडावी लागतेच. संचित वारंवारतेच्या आलेखात अशी निवड करावी लागत नाही, मात्र त्यात शिखरे व दऱ्या आयतालेखाइतक्या सहज दिसत नाहीत. म्हणून कोणताही आयतालेख प्रसिद्ध करताना निरीक्षणांची संख्या, वर्गांतर, आरंभबिंदू आणि सीमेवरील मूल्यांचा नियम आकृतीखाली नोंदविणे योग्य होय. या चार गोष्टी ज्ञात असल्या की वाचकास तीच आकृती पुन्हा काढता येते आणि वर्गांतर बदलूनही तिच्यातील शिखरे टिकतात की नाही, हे स्वतः तपासता येते.